मोबाईलातली शिवरंजनी

अणदूरच्या शिवारातल्या धनगरवस्तीवर बिरदेवची मेंढरं आणि बिरदेवचा संशय, दोन्ही सारखेच नावाजलेले. दात पाहिल्याशिवाय त्यानं कधी मेंढी घेतली नाही, आणि दात पाहिल्यावरही विकणाऱ्याच्या तोंडाकडं एकदा नीट बघून घ्यायचा. बाजारात भाव ठरायचा तो रुमालाखाली, बोटं दाबून. शेजारच्याला आकडा कळू द्यायचा नाही, ही तिथली रीत. जो आकडा उघड्यावर मांडतो तो फसवायलाच आलेला असतो, असं त्याचं पक्कं मत होतं.

म्हणून टपरीवर वस्तीवरच्या भीमाशंकरनं मोबाईल पुढं धरला तेव्हा बिरदेवच्या हातातला चहा हातातच राहिला.

"बिरूमामा, तुमची शिवरंजनी लई लांब पोचली की. बघा."

पडद्यावर त्याची पोर होती. वस्तीवरच्या शाळेत, खताच्या फाटक्या पोत्यावर, अनवाणी बसलेली. खाली रुपयांचा आकडा, आणि त्याच्याखाली एक हिरवी रेघ.

"ही रेघ कसली?"

"पैसे पडतील तशी वाढती. सकाळधरनं वाढलीय बघा. पोरीला भाव हाय मामा."

टपरीवरची माणसं हसली. बिरदेव हसला नाही. पोरीच्या फोटोखाली उघडा आकडा, आणि तोही चढत चाललेला. दुसऱ्या दिवशी दप्तर खुंटीला राहिलं आणि शिवरंजनी बापाबरोबर मेंढरांमागं माळावर गेली.

आठवडाभरानं ज्ञानेश्वरी बाई माळ तुडवत आल्या. वस्तीवरच्या शाळेत शिकवणाऱ्या त्या एकट्याच.

"बाई, उन्हात कशाला आलाव?"

"शिवरंजनीसाठी. चौथीत तिच्याइतकं चांगलं कुणी वाचत नाही."

"पोर इकायची न्हाय मला."

बाईंना हसू आलं होतं, पण त्याचे डोळे बघून ते ओठांवरच विझलं. त्या दगडावर टेकल्या. मुलांना बसकरपट्ट्या, गोष्टींची पुस्तकं आणि रंग हवेत. त्यासाठी इंटरनेटवर लोकांकडं मदत मागितलीय. आकडा त्या सामानाचा आहे, पोरीचा नाही, असं त्यांनी सावकाश सांगितलं.

"देणारं कोण?"

"पुण्यातले, बंगळूरचे. काही परदेशातले."

"तुमच्या वळखीचे?"

"नाहीत."

"मग का देत्यात?"

बाईंनी मेंढरांकडं पाहिलं. ती बाभळीखालच्या शेंगा वेचत होती. मग त्या म्हणाल्या, "खरं सांगू? मलाही नीट कळत नाही."

बिरदेवनं पहिल्यांदा त्यांच्याकडं सरळ पाहिलं. बाजारातल्या दलालाकडं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असतं.

"फोटो काढताना मला इचारलं व्हतं का?"

"नाही. चुकलं माझं." बाईंनी त्याच्यासमोरच तो फोटो काढून टाकला. "पण आता लोक देतील का, सांगता येत नाही."

"नुसतं पोतं दाखवा की. पोतं लाजत न्हाय."

पोरीला मात्र त्यानं धाडलं नाही. सामान येऊ द्या, मग बघू, म्हणाला.

नुसत्या पोत्यावर हिरवी रेघ रांगत रांगत पुढं सरकली. संक्रांत झाल्यावर कुठं खोकी आली. बाईंनी बिरदेवला सांगावा धाडला. तो येईपर्यंत एकही खोकं उघडलं नाही. त्यानं पट्ट्यांची वीण ताणून पाहिली, रंगाच्या डब्या हुंगल्या, पुस्तकं उलटी धरून झटकली. आत काही मागणं दडलंय का, ते तो बघत होता. काही निघालं नाही.

"आता हे लोक परत काय मागतील?"

"मुलांचा फोटो. सामान पोचल्याचा."

"बघा. वाटलंच व्हतं मला."

बाईंनी फळ्याकडं बोट केलं. "पाठमोरा काढला तर?"

बिरदेव तसाच निघून गेला. बाईंना वाटलं, पोर गेली हातची. पण थोड्या वेळानं तो परतला, खांद्यावर काळी घोंगडी आणि मागं दप्तर घेतलेली शिवरंजनी. घोंगडी त्यानं पट्ट्यांच्या शेजारी अंथरली.

"माझी पोर यावर बसंल. पुस्तकं वाचंल, पण बसंल बापाच्या घोंगडीवर."

मुलं फळ्याकडं तोंड करून बसली. बाईंनी मोबाईल उचलला, तसा बिरदेव त्यांच्या मागं, अंतर राखून, पडद्यावर डोळे लावून उभा राहिला. नुसत्या पाठी, वेण्या, लाल रिबिनी. कळपातली आपली मेंढी तो मागूनच ओळखायचा; परक्याला त्या सगळ्या सारख्याच.

"दावा परत एकदा," तो म्हणाला.

बाईंनी दाखवला. त्यानं तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितला.

"आता धाडा."