अकरा दगड आणि कसालच्या दोन फेऱ्या

दिवाळीच्या सुट्टीत मी आठ दिवस दगड गोळा करत हिंडले. देवदर्शन नाही, लग्नकार्य नाही. माझी मुलगी कुसुम कोल्हापुरात भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. करते, तीही प्रबंध लिहून. विषय आमचा जांभा दगड. तिच्या सरांनी सांगितलं होतं, मुलीला एकटीला खाणीत पाठवणार नाही. घरचं वडीलधारं माणूस न्या आणि सुट्टी संपायच्या आत नमुने आणा, नाहीतर प्रयोगशाळेत बसून होईल असा विषय घ्या.

घरचा पुरुष म्हणजे माझे धाकटे दीर. ते ओटीवरून म्हणाले, "वयनी, चेडवाक फातर फोडूक धाडतंस? तेचा लगीन खंय जमतला?"

"काजूचे बियो फोडून माझे हात काळे झाले, तेवा कोण काय बोलूक नाय," मी म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी वेंगुर्ल्याहून पहिली एस.टी. धरली.

कुडाळला गाडी बदलून दुपारी कसालला उतरलो. कुणाला तिकडे जायचं असेल तर पोट भरून जा. बाजारात भजी आणि चहा मिळतो, वरच्या उघड्या कातळावर, सड्यावर, मात्र पाणीसुद्धा नाही. ऑक्टोबरचं ऊन, वरून तापतं आणि खालच्या कातळातूनही. मैलभर चालल्यावर चिरेखाण लागली. कुसुम खाली उतरली, मी वरच बसले. माझा नवरा चिरे काढायचा. सात वर्षांपूर्वी खाणीचा कडा त्याच्यावर कोसळला आणि तो गेला. तेव्हापासून मी कुठल्याच खाणीत पाय घातला नव्हता.

कुसुमने वरच्या कठीण थरापासून तळाच्या पांढरट, मातकट दगडापर्यंत हात हात अंतरावर अकरा नमुने काढले. प्रत्येकावर शाईने आकडा, पिशवीवरही तोच. कुठला दगड किती खोलीचा, यावरच सगळा प्रबंध उभा, असं ती म्हणाली. मी ऐकलं. ऐकलं, एवढंच.

जांभा झिजून खाडीतून समुद्राकडे काय जातं ते बघायला तिला वाळूही हवी होती, म्हणून पुढे मालवण आणि सर्जेकोटहून होडी. नावाडी चार आणे घेतो, भरती असेल तर थेट तळाशीलला सोडतो. तिथून तोंडवलीपर्यंत वाळूतून चालायचं, एका अंगाला खाडी, एका अंगाला समुद्र. असा रस्ता मी दुसरीकडे पाहिला नाही. ओळखीच्या एका कोळणीकडे उतरलो. तिने सुके बांगडे भाजले, पेज वाढली, आणि शिकून मुलीला दगडच का मिळाले, माणूस का नाही, म्हणून मनसोक्त हसून घेतलं.

सकाळी कुसुम वाळूचे नमुने आणायला गेली. मी विहिरीवर कपडे धुतले. पिशव्या तांबड्या धुळीने माखल्या होत्या, त्याही धुतल्या. मग दगड. काथ्याने घासून एकेक स्वच्छ केला. वीस वर्षं रोज संध्याकाळी नवऱ्याचे कपडे आणि टिकाव धुतले. तांबडी धूळ दिसली की हात थांबत नाहीत. शेवटचा दगड उन्हात ठेवला, आणि माझ्या लक्षात आलं, आकडे कुठेच नव्हते.

कुसुम आली, तिने पाहिलं, ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. मी दगड पुन्हा हातात घेतले. वजन, रंग, भोकं बघून ओळीत मांडले. इतकी वर्षं चिरे काढणाऱ्याच्या घरात काढली, तेवढं मला कळतं. दोन दगडांवर मात्र हात अडला. तेही अंदाजाने ठेवले.

कुसुमने दौत उघडली. "आये, तू सांग, मी लिवतंय. कोणाक कळतला?"

"माका कळतला गो."

तिने सुट्टीचे उरलेले दिवस मोजून दाखवले. मी म्हटलं, तू चुकावंस म्हणून घरी नि कोल्हापुरात जी माणसं वाट बघत बसलीत, त्यांना ती चूक आपण आपल्या हाताने द्यायची नाही. ठरलं. वाळूचं काम उरकून तिसऱ्या दिवशी परत होडी, परत मालवण, परत कसाल.

खाणीचा मुकादम आम्हाला बघून म्हणाला, "पयले फातर शिजवून खाल्ल्यात काय?" माणसं हसली. मी चपला काढल्या आणि कुसुमच्या मागून खाली उतरले. कडा डोक्यावर होता. मी त्याच्याकडे पाठ केली नाही. ती दगड काढी, मी पिशवी धरून आकडा मोठ्याने म्हणे. अकरा झाल्यावर धुतलेले दगड शेजारी लावून पाहिले. नऊ मी बरोबर ठेवले होते. अडलेले दोन एकमेकांच्या जागी निघाले.

सुट्टी संपायला एक दिवस असताना घरी पोचलो. दीर ओटीवरच होते. या वेळी त्यांनी पिशव्या किती जड म्हणून विचारलं. कुसुम दुसऱ्या सकाळी कोल्हापूरला गेली. आठवड्याने पत्र आलं: विषय तोच कायम राहिला. नमुने कुणी काढले त्या रकान्यात सरांनी दोन नावं लिहायला सांगितली. दुसरं माझं.

पहिले अकरा दगड घरी आहेत, मागल्या दारी, न्हाणीपाशी, ओळीने लावलेले. तेव्हा चुकलेले दोन्ही आता आपापल्या जागी आहेत. जाता-येता त्यांची तांबडी धूळ पदराला लागते. मी धूत नाही.