म्हणे सूज उतरली!

'उतरलं' या शब्दाचा मला अजून राग येतो. आपल्याकडे ताप उतरतो, विष उतरतं, दृष्टही उतरते. एकदा उतरलं म्हटलं की सगळे हात झटकून मोकळे.

बहात्तरच्या दुष्काळानंतर आम्ही मोडनिंब सोडून सोलापुरात गिरणीच्या चाळीत राहायला आलो. थोरली बहीण, अक्का, तेव्हा चौदा वर्षांची. तिचा घसा दुखायला लागला. मिठाच्या गुळण्या झाल्या, विषय संपला. घशासाठी कोण डॉक्टरकडे जातं? दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजून लालबुंद झाला, ती कुणाला हात लावू देईना. शेजारची मावशी धावली आणि तिनं बिब्बा घातला, अगदी दोन्ही अर्थांनी. आधीच पेटलेल्या सांध्यावर टरारून फोड आले. चार दिवसांनी गुडघा मोकळा झाला आणि घोटा सुजला, तर बाई खूश!

"बगा, दुखणं खाली उतराय लागलंय. आता पायातनं भाईर जाईल की."

मग ते मनगटात चढलं. 

महिन्याभरात सगळे सांधे मोकळे झाले. पण अक्काला चाळीचा जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा कुठं मोठा दवाखाना आठवला. डॉक्टर छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले, मग आमच्यावर भडकले. "घसा दुखला तेव्हाच का नाही आणलं? ही सूज सांधे सोडते, हृदयाच्या झडपा सोडत नाही."

"पर सूज तर उतरली व्हती की," आई म्हणाली.

ते अज्ञान होतं, मी माफ केलं. पुढचं नाही करत. झडपा आणखी बिघडू नयेत म्हणून दर महिन्याला सुई घ्यायचीच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अक्काला स्थळ आलं आणि सुई बंद झाली. लोक विचारतील ना, कशाची सुई? "कुनी इचारलं तर न्हाय म्हनायचं," आईनं मला दम दिला. अक्काच्या होणाऱ्या सासूनं मला बाजूला घेऊन विचारलंच, "पोरीला काय दुखणं न्हाय न्हवं?" मी तेव्हा मॅट्रिकला होते, झडप म्हणजे काय ते मला नीट ठाऊक होतं. मी न्हाय म्हणाले.

पहिल्याच बाळंतपणात, खेड्यातल्या घरी, अक्का गेली. झडपेचं दुखणं तेव्हा कळल्यावर तिची सासू माझा हात धरून रडत होती. "येवढं सांगितलं असतंस, तर मी तिला मोट्या दवाखान्यात न्हेली असती की गं."