मोटरीवरचं कुंकू

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण निवृत्तीनंतर कुणी 'साहेब, एखादी केस सांगा' म्हटलं की मला आधी आठवते ती एक सायकल. जुनी लेडीज सायकल आणि मागे स्कूटरचं बुटकं चाक, त्या चाकाच्या पोटातच मोटर. दिसायला अगदी बेंगरूळ, पण चढावर माणसाला घेऊन सुसाट जायची.

माझ्या सेवेची शेवटची वर्षं होती. आमच्या हद्दीतून, काळेवाडी-रहाटणी भागातून, इलेक्ट्रिक स्कूटर चोरीला जात होत्या. आख्खी गाडी कुठेच सापडेना, म्हणजे ती सुटी करून विकली जातेय हे उघड होतं. त्यातली एक गाडी घरोघरी पार्सल पोचवणाऱ्या बाईची होती. नवरा नव्हता, गाडीवरच घर चालायचं. ती अधूनमधून ठाण्यात येऊन बाकावर बसायची. भांडायची नाही, रडायची नाही, नुसती बसून राहायची. त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा.

मग खबऱ्याने बातमी आणली, की काळेवाडीत एका वेल्डरने सायकलला स्कूटरची मोटर बसवलीय. आम्ही पंच घेऊन गेलो. सायकल दारातच उभी, साधी झाकलेलीसुद्धा नाही. मोटरीवरचा नंबर त्या बाईच्या फिर्यादीतल्या नंबराशी तंतोतंत जुळला. हवालदार खूश. म्हणाले, चोर मुद्देमालासकट दारात वाट बघत बसलाय.

माणूस परभणीकडचा, चाकणच्या एका कंपनीत कंत्राटी वेल्डर. बायको एका पायाने अधू, रहाटणीत घरोघरी स्वयंपाक करायची. तिची पायपीट वाचावी म्हणून सुट्टीच्या दिवशी खपून त्याने हे वाहन जोडलं होतं. मोटर भंगारवाल्याकडून घेतली, एवढंच तो परत परत सांगत होता. असं सगळेच सांगतात. भंगारवाल्याला बोलावलं, तर तो म्हणाला, मी ह्याला जन्मात पाहिलेलं नाही. पावती विचारावी तर भंगाराची पावती कोण देतो?

वेल्डर खाली मान घालून म्हणाला, "साहेब, केस लागली तर माझा गेटपास गेला. मग कुठलीच कंपनी आत घेत न्हाई."

खरं होतं ते. या पट्ट्यात कंत्राटी कामगाराला पोलीस पडताळणीचा दाखला लागतो. एकदा गुन्हा दाखल झाला की निर्दोष सुटेपर्यंत उमेदीची वर्षं कोर्टाच्या पायऱ्यांवर जातात.

मी पुन्हा सायकलीपाशी गेलो. मोटर घासूनपुसून लख्ख केली होती. पण मधोमध कुंकवाची पाच बोटं तशीच होती, दसऱ्याला गाडीच्या चाकाला ओढतात तशी. त्यांच्या कडेकडेने जपून फडकं फिरवलेलं दिसत होतं. मी विचारलं, एवढं चकचकीत केलंस, मग हे का ठेवलंस?

"कुणाच्या तरी हातची पूजा हाय, साहेब. दुसऱ्याची पूजा कशी पुसायची?"

चौकशीत माणूस काय बोलतो त्यापेक्षा त्याने काय केलंय, ते मी जास्त मानतो. चोर आधी खुणा पुसतो. ह्याने नंबरही ठेवला आणि कुंकूही. पार्सलवाल्या बाईला बोलावून मोटर दाखवली. तिने पाहताक्षणी ओळखली. म्हणाली, कुंकू तेलात कालवून लावलं होतं, पावसात जाऊ नये म्हणून. चाकाला आणि गाडीच्या पुढच्या पॅनेललाही. मग काय, भंगारवाल्याच्या शेडची झडती घेतली. पोत्यांच्या ढिगाखालून पॅनेल निघालं, त्यावर तशीच पाच बोटं. भंगारवाल्याचं तोंड एवढंसं झालं. संध्याकाळपर्यंत त्याने गाड्या आणून देणाऱ्या दोघांची नावं सांगून टाकली.

वेल्डरला आम्ही साक्षीदार केलं. त्याचा दाखला शाबूत राहिला. मोटर मात्र जप्त करावीच लागली. बोल्ट त्यानेच खोलले, बायको दाराला टेकून बघत होती. मला वाईट वाटलं, पण इलाज नव्हता. पुढे कोर्टाच्या आदेशाने मोटर जिची होती तिला मिळाली.

मला वाटलं, विषय मिटला. काही दिवसांनी तो पिशवी घेऊन ठाण्यात हजर. आत दुसरी जुनी मोटर. "बसवायच्या आधी दाखवायला आणलीय, साहेब. नंबर बघून घ्या." बघितला, चोख होता. मग तो मोटरीचा वेग सांभाळणारा कंट्रोलर घेऊन आला, मग ब्रेकचा लिव्हर. हवालदार म्हणाले, आता घंटी तेवढी राहिली बघ, राव. सगळे हसले, तोही हसला. दुसऱ्या दिवशी त्याने खरंच घंटी आणली.

तेव्हा मला हसू आलं नाही. निर्दोष माणसाला सोडलं की आपलं काम झालं, असं आम्ही पोलीस धरून चालतो. पण सुटलेला माणूस मोकळा झालेला असतोच असं नाही. ह्या केसने मला हे शिकवलं, आणि तेही नोकरी संपता संपता. मी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, आता काही दाखवायला आणू नकोस, गाडी तयार झाली की बायकोलाच घेऊन ये.

ती आली. स्वतः चालवत ठाण्याच्या फाटकापर्यंत आली, आत मात्र येईना. शेवटी मीच बाहेर गेलो. नव्या मोटरीवर तिने कुंकवाची पाच बोटं ओढली होती. नंबराची जागा तेवढी मुद्दाम कोरी सोडली होती, कुणालाही लांबून वाचता यावा म्हणून.