शॉमबर्गपर्यंतचा डबा

निघायच्या आदल्या दिवशी मी बॅग तीनदा भरली आणि तीनदा सोडली. अमेरिकेतल्या ईडन प्रेरीहून शॉमबर्ग म्हणजे गाडीने सहा-सात तासांचा रस्ता, वाटेत अख्खं विस्कॉन्सिन राज्य, आणि गाडी चालवणार कोण, तर मी कधीही न पाहिलेला एक मलेशियन मुलगा.

"अगं आई, हाफिज चांगला आहे," मृणाल म्हणाली. "सिव्हिलमध्ये मास्टर्स केलंय इथूनच. लायब्ररीत ओळख झाली आमची. त्याचा शॉमबर्गला इंटरव्ह्यू आहे, तो ड्राइव्ह करून जातोच आहे. मला रजा नाही मिळत. डेडलाइन आहे."

मृणाल माझी एकुलती एक लेक. ईडन प्रेरीत एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. तिच्याकडे येण्याची माझी ही दुसरी खेप. शॉमबर्गला माझे धाकटे दीर राहतात, डॉक्टर आहेत, त्यांचा जन्म तिकडेच गेला. त्यांच्याकडे मी पंधरा दिवस राहून यावं, हे मृणालनेच ठरवलं, आणि इतक्या घाईने ठरवलं की लेकीला आपली अडचण व्हायला लागली की काय, अशी शंका मला आली. शंका आली तरी बोलले नाही. लेकीच्या घरी पाहुणीने पाहुणीसारखं राहावं.

मी चिपळूणला शाळेत भूगोल शिकवत असे. प्रेरी म्हणजे उंच गवताचा प्रदेश, गव्हाचं कोठार, हे वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. प्रत्यक्षात ईडन प्रेरीत गवत आहे ते लोकांच्या अंगणात, आणि तेही दर शनिवारी कापतात. तो २००८ सालचा ऑक्टोबर होता. टीव्ही लावला की कुठली ना कुठली बँक बुडालेली असायची. मृणाल तो लगेच बंद करायची.

सकाळी सात वाजता बेल वाजली. दारात किडकिडीत, चष्मा लावलेला, विशी ओलांडून थोडासाच पुढे गेलेला मुलगा. न सांगता त्याने बूट दाराबाहेर काढले, माझा हात हातात घेऊन स्वतःच्या कपाळाला लावला आणि म्हणाला, "आंटी, रेडी ला?" बोलताना शेवटी 'ला' लावायची त्यांच्याकडे पद्धत आहे, आपण 'रे' लावतो तशी. बूट काढणारा मुलगा गाडी बेताने चालवत असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

गाडीत बसले आणि दचकले. सुकटीचा वास येत होता. अगदी पुसट, पण आमच्या कोकणातल्या माणसाच्या नाकातून तो सुटत नाही. सुकट मी चिपळूणहून चार पिशव्यांत बांधून आणली होती आणि मृणालच्या स्वयंपाकघरात भाजताना धुराचा भोंगा दोनदा वाजवला होता. म्हटलं, माझ्याच कोटाला लागलाय वास. परक्या मुलाच्या गाडीत हा काय घोटाळा. मी काच चार बोटं खाली केली आणि थंडीने कुडकुडत बसले.

सेंट क्रॉय नदी ओलांडली की विस्कॉन्सिन लागतं. दोन्ही काठांवर झाडं पिवळी-तांबडी झाली होती. पुलावर हाफिजने गाडीचा वेग जरा कमी केला.

"आंटी, मला पूल बांधायचे होते," तो म्हणाला. "आमच्या गावी नदी आहे. पलीकडे जायला अजून होडीच. लहानपणी मी माकला सांगायचो, मी इथे पूल बांधीन." माक म्हणजे आई.

"मग बांधलास का इथे एखादा?"

"इथे मी एका ड्रॉइंग ऑफिसात होतो. पार्किंग लॉटचे उतार काढत होतो. पावसाचं पाणी कुठल्या बाजूला जाईल, एवढंच. मग त्यांनी सांगितलं, सोमवारपासून येऊ नकोस." तो हसला, पण हात स्टिअरिंगवर घट्ट होते. "या वर्षात काम मिळालं नाही तर व्हिसा संपतो. परत जावं लागेल. आणि माकला वाटतं मी अजून कामावर आहे. तिने गावभर सांगितलंय."

"खरं का नाही सांगत तिला?"

"आंटी, ती केरोपोक (माशाचे पापड) करून विकते. माझी माहिती ती प्रत्येक गिऱ्हाइकाला देते. आता तिला खोटं कसं पाडू?"

मलेशिया म्हटलं की मला 'रबर, कथील, पामतेल' एवढंच यायचं. तेच मी म्हणून दाखवलं. तो खळखळून हसला आणि म्हणाला, तुमच्या पुस्तकात केरोपोक घाला.

टोमा नावाच्या गावाजवळ मी गाडी थांबवायला लावली. रस्त्यापासून थोड्या अंतरावर शेतात पाणी सोडलं होतं आणि त्या पाण्यावर लाल फळांचा जाड थर तरंगत होता. क्रॅनबेरी, करवंदाएवढी पण तुरट. रबरी पँट घातलेली दोन माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून ती एका कडेला ढकलत होती. पीक काढायला शेत बुडवतात, हे मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं. हाफिजला मात्र त्या पाण्याचा बांध आवडला. उतार कसा दिलाय बघा, म्हणाला.

पुढे पेट्रोलपंपावरच्या दुकानात आम्ही चहा घेतला. बिस्किटाचे पुडे हातात घेऊन दोघेही उभे. तो डुकराची चरबी आहे का बघत होता, मी गायीचं काही आहे का बघत होते. दोघांनाही चालेल असं शेवटी सापडलं ते खारे शेंगदाणे. गल्ल्यावरच्या बाईने विचारलं, "तुमचा मुलगा का?" आमच्या चेहऱ्यांत तिला काय साम्य दिसलं कोण जाणे. हाफिज म्हणाला, "हो." मीही नाही म्हटलं नाही.

"आंटी, एक विचारू?" गाडीत बसताना तो म्हणाला. "माणसाला स्वप्न एकच मिळतं, की एखादं जास्तीचं असतं? टायरसारखं?"

"तुला काय वाटतं?"

"मला काही वाटायचं बंद झालंय. मी रोज सकाळी शर्टला इस्त्री करतो. इस्त्री केली की तो दिवस कामाचा वाटतो. रविवार आवडत नाही आता. लायब्ररी उशिरा उघडते."

लायब्ररी हा शब्द मी ऐकला आणि सोडून दिला. माझं लक्ष मागून येणाऱ्या ट्रककडे होतं. अमेरिकेतले ट्रक आपल्या शेजारून जातात तेव्हा मी डोळे मिटून घेते.

दुपारी विश्रांतीच्या थांब्यावर, एका लाकडी बाकावर मी डबा सोडला. घावनं आणि बटाट्याची भाजी. बंद गाडीत परक्या मुलाबरोबर जायचं म्हणून मुद्दाम बिनवासाचं केलं होतं. हाफिजने डब्यात डोकावून पाहिलं आणि अगदी सहज म्हणाला, "आज सुकट नाही?"

'सुकट' हा शब्द त्याने मराठीतच उच्चारला.

"तुला सुकट कशी ठाऊक?"

त्याच्या हातातलं घावन तसंच राहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, आणि शाळेत इतकी वर्षं काढल्यावर पकडल्या गेलेल्या पोराचा तो चेहरा मला ओळखता येतो.

"गाडीतला वास माझ्या कोटाचा नाही, होय ना?" मी म्हटलं.

"नाही आंटी. गाडीचाच आहे." मग खाली बघत म्हणाला, "मी प्रॉमिस केलं होतं तिला. तुम्हाला ब्लडप्रेशर आहे म्हणाली."

हळूहळू सगळं बाहेर आलं. मृणालची नोकरी सप्टेंबरातच गेली होती, म्हणजे मी यायच्या आधीच. कंपनीने वर्षअखेरपर्यंतचा पगार देऊन तिला घरी बसवलं होतं. तोवर दुसरी नोकरी मिळाली नाही तर तिचाही व्हिसा जाणार. म्हणून ती रोज सकाळी बॅग घेऊन, शर्ट घालून निघायची ती लायब्ररीत जायची. तिथे खिडकीजवळच्या टेबलावर ती आणि हाफिज अर्ज करत बसायचे. लायब्ररीत खायला बंदी, म्हणून दुपारी पार्किंगमध्ये या गाडीत बसून दोघं डबा खायचे. माझा डबा.

मला आधी राग आला. मग लाज वाटली. गेल्या खेपेला मृणाल लसणाची चटणीसुद्धा ऑफिसला नेत नव्हती. 'आई, वास येतो, लोक बघतात,' म्हणायची. या खेपेला मात्र रोज सुकट दे म्हणायची, आणि जास्त दे, ऑफिसातल्यांना आवडते. मी खूश. अमेरिका सुधारली, असं चिपळूणला फोन करून सांगितलंसुद्धा. अमेरिकेतल्या ऑफिसात सुकट कोणी नेत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

मी पर्समधून फोन काढला. हाफिज घाबरून म्हणाला, "आंटी, आज नको. दुपारी तिचा फोनवर इंटरव्ह्यू आहे. घर शांत हवं होतं तिला." म्हणजे मला शॉमबर्गला पाठवण्यामागे हेही होतं. मी फोन परत ठेवला. डब्याचं झाकणही लावून टाकलं.

पुढचा रस्ता मला फारसा आठवत नाही. इलिनॉयमध्ये टोलनाक्यावर हाफिजने नाणी टोपलीत टाकली ती बाहेर पडली, मी पट्टा सोडून वेचायला उतरले, तर साडीचा पदर दारात अडकला आणि मागे गाड्यांचे भोंगे सुरू झाले. एरवी मी त्यावर आठवडाभर बोलले असते.

शॉमबर्गला भावोजींचं घर मोठं आहे आणि त्यात दोनच माणसं राहतात. हाफिजलाही त्यांनी रात्री ठेवून घेतलं आणि त्याची नोकरी गेल्याचं, आईपासून ते लपवल्याचं त्याच्याकडून काढून घेतलं. संध्याकाळी जेवताना त्याचा फोन वाजला. मलेशियात सकाळ झाली होती. तो चार शब्द बोलला आणि ठेवून दिला.

"माक. 'दाह माकान?' विचारते. जेवलास का. दुसरं काही विचारतच नाही."

"तिला कळलं असेल रे," जाऊबाई म्हणाल्या. "आईला सगळं कळतं."

"काही कळत नाही," मी म्हणाले. जरा जोरातच म्हणाले असेन, कारण भावोजींनी मान वर केली. "मी रोज तिच्यासाठी डबा भरत होते. मला कळलं का? त्या भरवशावर राहू नकोस, हाफिज. आईला सांगावं लागतं."

दुसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला आणि दुपारच्या आत परत आला. ते लोक फार सभ्यपणे बोलले. तुझं काम उत्तम आहे, पण कालच वरून कळलंय, सध्या कोणालाच घ्यायचं नाही. पुढच्या वर्षी जरूर विचार. पुढच्या वर्षी तो इथे असणार नाही, हे त्यांना कोण सांगणार.

मी सामान आवरलं. भावोजींना म्हटलं, पंधरा दिवस पुन्हा कधीतरी. ते समजूतदार आहेत, कारण विचारलं नाही. पहाटे आम्ही निघालो.

सकाळी विस्कॉन्सिनमधल्या एका थांब्यावर हाफिजने गाडी उभी केली आणि जरा लांब जाऊन फोन लावला. तिकडे रात्र असणार. मी गाडीत बसून त्याच्या पाठीकडे बघत होते. बराच वेळ तो ऐकतच होता. परत आला तेव्हा डोळे लाल होते.

"सांगितलं," तो म्हणाला. "तिने विचारलं, मग इतके दिवस जेवत कुठे होतास? मी म्हटलं, एका आंटीचा डबा येत होता. मग ती रडली. मग म्हणाली, त्या बाईंना विचार, सुक्या माशात आंबट काय घालतात."

"कोकम," मी म्हणाले. "तिकडे मिळेल का?"

"मी नेईन इथून."

तो परत जाणार, हे त्याने मला असंच सांगितलं.

मृणालने दार उघडलं तेव्हा ती मला बघून गडबडली. मी म्हटलं, भावोजींकडे करमेना. तिने हाफिजकडे पाहिलं, हाफिजने बुटांकडे. रात्री मी मुद्दाम तिच्याजवळ बसून भाजी निवडली. नोकरीचं तिच्याच तोंडून यावं असं वाटत होतं, पण ते आलं नाही.

सकाळी उठून मी तांदळाच्या भाकऱ्या केल्या, सुकट भाजली, भोंगा वाजला. मृणाल बॅग घेऊन, शर्ट घालून स्वयंपाकघरात आली. तोवर मी साडीवर कोट चढवून बुटांच्या नाड्या बांधत होते.

"आई, तू कुठे?"

"तुझ्याबरोबर. सुकट गाडीत गार खाता म्हणे. आज भाकरी फडक्यात बांधून घेतलीय, दुपारपर्यंत ऊबदार राहील. तिघांपुरतं आहे."

तिने बॅग खाली ठेवली. खुर्चीत बसली आणि लहानपणी रडायची तशी, तोंडावर हात न घेता रडली. मी भाकरीचं बांधलेलं फडकं तसंच पिशवीत ठेवलं. नऊ वाजता आम्ही दोघी लायब्ररीत गेलो.

डिसेंबरात हाफिज कोकमाची पिशवी घेऊन घरी गेला. मृणालला वर्ष संपता संपता दुसऱ्या गावी काम मिळालं, पगार कमी, पण व्हिसा टिकला. मी चिपळूणला परतले. लोक विचारतात, अमेरिकेत काय पाहिलंत? मी बुडवलेल्या शेतातल्या लाल फळांविषयी सांगते.

मृणालचा फोन दर रविवारी येतो. काम कसं चाललंय, हे मी विचारत नाही. जेवलीस का, एवढंच विचारते. ती हो म्हणते. मग फोन कानाला धरून मी थोडा वेळ गप्प बसते, आणखी काही सांगायचं असेल तर तिला सांगता यावं म्हणून.