तारखेला येणारा मुलगा

गाव सोडणाऱ्याला एसटीत बसवताना लोक सांगतात, जपून राहा, पोटाला खा, पत्र टाक. १९९३ साली मी पुण्याला निघालो तेव्हा कोल्हापूरच्या स्टँडवर अण्णा, म्हणजे माझे वडील, खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "तारीख चुकवू नगंस. जामीन मी हाय."

जोतिबाच्या डोंगराखालच्या आमच्या गावात मी दूध संस्थेत फॅट काढायचो, म्हणजे दुधात स्निग्धांश किती ते मशीनवर मोजायचो. एका सकाळी फॅटचं मशीन गायब झालं आणि किल्ली माझ्याकडे होती. एवढ्यावर मी चोर ठरलो. जामिनावर सुटलो, पण नोकरी गेली, ठरलेलं लग्न मोडलं. केस चार-सहा महिन्यांत निकाली निघेल असं वकील म्हणाले, म्हणून तोवर भोसरीच्या एका कारखान्यात लागलो. गावातले बरेच जण पोटासाठी गेले, मी तोंड लपवायला गेलो.

त्या चार-सहा महिन्यांची बारा वर्षं झाली. कधी साक्षीदार गैरहजर, कधी न्यायाधीशांची बदली, कधी सरकारी वकील रजेवर. नाव पुकारलं की उभं राहायचं आणि पुढची तारीख घेऊन परत फिरायचं. निकाल कानांनी ऐकायचा म्हणून अण्णा दर तारखेला कोर्टाच्या पायरीवर बसून असत. कारखान्यात केसचं सांगायची सोय नव्हती. रजेसाठी मी नसलेले चुलते मारले, एका मावशीला तर दोनदा. मग अण्णा खरोखर गेले, तेव्हा सुपरवायझर हसून म्हणाला, "अजून किती जण शिल्लक आहेत तुमच्या घरात?" रजा मिळून गावी पोचेपर्यंत चिता विझत आली होती. त्या सुपरवायझरचा मला रागही आला नाही.

सगळ्या रजा तारखांतच संपायच्या. यात्रा नाही, दिवाळी नाही. आईला मी दिसायचो तो तारखेच्या आदल्या संध्याकाळी. त्यामुळे ती मात्र तारखेची सणासारखी वाट बघायची, घर सारवून ठेवायची.

२००५ साली सुटलो. पुराव्याअभावी निर्दोष, असं न्यायाधीशांनी वाचलं आणि लगेच पुढचं नाव पुकारलं गेलं. गावात लोक म्हणाले, पुरावाच घावला न्हाय म्हणून सुटला. त्यांच्याशी काय भांडणार? ज्यांना निकाल सांगायचा, ते अण्णाच उरले नव्हते.

आईनं देवापुढं साखर ठेवली. माझी पिशवी भरता भरता तिनं विचारलं, "आता तारीख न्हाय. मग तू येणार कवा?"

पुढच्या महिन्यात, म्हणालो. गेलो नाही. रजा आहे, एसटी आहे, कुणी अडवत नाही, पण वेशीपाशी लोक ज्या नजरेनं बघतात ती आता सोसत नाही. मग गणपतीला येतो म्हणालो, मग दिवाळीला. घर म्हटलं की मला शेजारच्यांच्या फोनपाशी माझी वाट बघत बसलेली आई दिसते. काल तिनं पुन्हा विचारलं. मी तिला पुढची तारीख दिली.