हुआ हिनला जेवायला गेलेला दादा

ईशा कधी फोन करत नाही, मेसेज करते. त्यामुळे रविवारी सकाळी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते आणि स्क्रीनवर तिचं नाव दिसलं, तेव्हाच कळलं, काहीतरी वाईट झालंय. "मंजूमावशी, बाबा गेले," ती म्हणाली आणि मग इंग्लिशमध्ये शिरली, कारण कठीण काही बोलायचं असलं की तिला मराठी पुरत नाही. काल आर्वोला, म्हणजे दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या, पीसफुल होतं असं 'ती' म्हणाली. 'ती' म्हणजे पिम, थायलंडला तिच्या बाबांबरोबर राहणारी बाई. तीन वर्षांत ईशाने पिमचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं, त्या दिवशीही काढलं नाही. मी "हो गं, हो गं" एवढंच म्हणत राहिले आणि फोन ठेवल्यावर ओल्या चादरीला धरून मुलांसारखी रडले. आता दोन महिने होत आलेत. सुधीरदादाबद्दल, म्हणजे ईशाच्या बाबांबद्दल, इथल्या लोकांनी इतकं काय काय बोलून ठेवलंय, की मला वाटलं, एकदा मीच सांगून टाकावं.

दादा आमचा कुणी सख्खा नव्हे. पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही पुण्याहून इथे परदेशात, क्वेकर्स हिलला आलो, तेव्हा शेजारच्या घरात हा मूळचा चिपळूणचा माणूस, त्याची बायको नीलिमा आणि नऊ वर्षांची ईशा राहत होती. वहिनीने पहिल्याच दिवशी आम्हाला जेवायला बोलावलं आणि दादाने पहिल्याच दिवशी आमच्या गादीच्या पलंगाचे स्क्रू उलटे लावलेत हे शोधून काढलं. रेल्वेच्या सिग्नलचा इंजिनियर. बोलायला तिरकस, मनाने लोण्यासारखा, आणि मासे दिसले की मग कुणाचा नाही. शनिवारी पहाटे फिश मार्केटला जायचा आणि परत येऊन आम्हा सगळ्यांना फोन करायचा, की बांगडा मिळाला नाही पण त्याचा चुलतभाऊ मिळालाय, या. आम्ही जायचो. त्या घरात चार माणसांचं टेबल होतं आणि मी तिथे चार माणसं कधी पाहिली नाहीत. नेहमी नऊ-दहा असायची, खुर्च्या आमच्याकडून जायच्या.

मग वहिनी गेली. कॅन्सर, आठ महिने. आणि आता मी जे सांगणार आहे, ते आमच्यासारखी माणसंच करू जाणे. मी प्रोजेक्ट मॅनेजर, माझा नवरा प्रशांत बिझनेस अॅनालिस्ट, ग्रुपमधले बाकीचे बहुतेक सगळे आयटीतले. दुःख झालं की लोक रडतात, आम्ही एक्सेल शीट उघडली. 'दादाचा डबा' नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप केला, चौदा घरांचं रोटेशन लावलं, वार, भाजी, 'तिखट किती' असा कॉलम. कुणी विसरू नये म्हणून आदल्या दिवशी रिमाइंडर. सहा महिन्यांत एकदाही डबा चुकला नाही. मला त्याचा इतका अभिमान होता, की ऑफिसमध्येसुद्धा मी त्याचं उदाहरण देत असे. डबा दारात ठेवायचा, बेल वाजवायची, "दादा, गरम आहे, खाऊन घे हं" म्हणायचं आणि गाडीत बसायचं. मुलांचं स्विमिंग, कोचिंग, कुणाची शिफ्ट... थांबायला वेळ कुणाला होता?

आणि दादा? रिकामा डबा परत द्यायचा नाही, हे त्याच्यात मुरलेलं. प्रत्येक डब्यात काहीतरी घालून तो स्वतः द्यायला यायचा. आधी झाडावरची लिंबं, लिंबं संपल्यावर बिस्किटं, एकदा तर नुसते कढीपत्त्याचे दोन डहाळे. यायचा नेमका संध्याकाळी साडेसातला, आमच्या जेवणाच्या वेळेला. दारात उभं राहून हवापाण्याच्या गप्पा मारायचा. मी एका हाताने डबा घ्यायचे, दुसऱ्या हातात मुलाचा टिफिन नाहीतर लॅपटॉप, आणि म्हणायचे, "अरे दादा, नो वरीज, कशाला त्रास घेतलास?" मला वाटायचं, बिचारा, किती फॉर्मल झालाय. माझ्या अकलेला काय म्हणावं. तो माणूस दर दोन आठवड्यांनी माझ्या दारात जेवणाच्या वेळी येऊन उभा राहत होता आणि मी त्याला आत ये म्हणत नव्हते.

दीड वर्षानंतर त्याचा जुना सहकारी ग्रेग, जो रिटायर होऊन थायलंडला राहायला गेला होता, त्याने बोलावलं म्हणून दादा पंधरा दिवस हुआ हिनला गेला. समुद्रकाठचं गाव. पंधरा दिवसांचा दीड महिना झाला. परत आला तो रंगाने तांबूस होऊन, आणि आमच्या बार्बेक्यूला, सगळ्यांची तोंडं भरलेली असताना म्हणाला, "मी घर भाड्याने देऊन तिकडे राहायला चाललोय." कारणं त्याने व्यवस्थित सांगितली. पन्नाशीच्या आसपास या देशात आलेल्या माणसाचं सुपर, म्हणजे निवृत्तीचा फंड, तो किती, त्यातलं निम्मं ईशाच्या घराला दिलेलं, इथे नुसतं हीटर लावून बसायलाही विचार करावा लागतो, तिथे त्याच पैशात दोन खोल्या, मासे आणि समुद्र. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग तो लिंबूपाण्याचा घोट घेऊन म्हणाला, "आणि तिथे पिम आहे." मग मात्र कुणी मान डोलावली नाही.

त्यानंतर आमच्या ग्रुपमध्ये जे काही बोललं गेलं ते लिहीत नाही, माझाही त्यात वाटा होता. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर कुणी पंचविशीतली नटवी. फोटो मागितला तेव्हा दादाने पाठवला : अठ्ठावन्न वर्षांची, चष्मा लावलेली, भरलेल्या अंगाची बाई, मांडीवर परात घेऊन कच्ची पपई किसतेय. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली विधवा. आमच्या ग्रुपची अगदी निराशा झाली. ईशाची मात्र निराशा झाली नाही, तिला राग आला. ती तेव्हा मेलबर्नला ट्रुगानिनात नवीन घरात राहायला गेली होती. "आईला जाऊन दोन वर्षं नाही झाली, मावशी. आय कांट." एवढंच. बापाशी बोलणं तोडलं नाही, पण बोलणं म्हणजे हवा काय, बीपी काय, गोळ्या घेतल्या का. पिम खोलीत आली की फोन बंद.

मी आणि प्रशांत गेल्या वर्षी गेलो. खरं सांगते, मी चौकशी अधिकाऱ्याच्या थाटात गेले होते. दादा स्टेशनवर न्यायला आला, इस्त्रीचा शर्ट घालून, कारण त्याच दिवशी इमिग्रेशन ऑफिसात नव्वद दिवसांची हजेरी लावून आला होता. दर तीन महिन्यांनी मी इथेच आहे, पळालो नाही असं सांगायला जावं लागतं म्हणाला, आणि तिथली बाई आता माझी तब्येत विचारते. घरात शिरलो तर जमिनीवर चटई, मधे भात, भोवती पाच वाट्या, आणि पिम आमच्यासाठी न जेवता थांबलेली. तिची बहीण, शेजारचे एक आजोबा, ग्रेग, सगळे थांबलेले. कुणाचं ताट वेगळं भरून दिलेलं नाही, मधल्या वाट्यांतून चमच्याने थोडं थोडं घ्यायचं आणि शेजारच्याला वाढायचं. मी तोंड उघडायच्या आत पिमने माशाचा काटे काढलेला तुकडा माझ्या भातावर ठेवला. जेवण दोन तास चाललं. मी शेवटचं दोन तास कधी जेवले होते ते मला आठवेना.

दुसऱ्या दिवशी समुद्रावर मी दादाला विचारलंच, "हे बघ, लोक मला विचारतात. तुमचं नातं काय आहे म्हणून सांगू?" तो हसला. "सांग, एकत्र जेवतो." मग थोडं चालल्यावर म्हणाला, "मंजे, तुमचे डबे फार चांगले असायचे गं. तुझी भरली वांगी तर... पण मी ती ओट्याशी उभा राहून खायचो. बसलो की समोरची खुर्ची दिसायची. इथे पहिल्यांदा बाजारात जेवायला बसलो, जागा नव्हती म्हणून ही समोर येऊन बसली आणि न विचारता तिच्या बशीतलं अर्धं ऑम्लेट माझ्या भातावर ठेवलं. दीड वर्षात मला कुणी वाढलं नव्हतं." मला एक्सेल शीटचा तो 'तिखट किती' कॉलम आठवला. वाळू पायाखालून सरकत होती, आणि मला भयंकर लाज वाटत होती.

निघताना त्याने माझ्याकडे एकच मागणं केलं. ईशाला सांग, राहू नकोस, पिमशी बोलूही नकोस हवं तर, पण एकदा येऊन माझ्याबरोबर जेव. मी सांगितलं. दर महिन्याला सांगितलं, कधी गोड बोलून, कधी ओरडून. ती म्हणायची, नेक्स्ट इयर. घराचं काम आहे, जॉब बदललाय, नेक्स्ट इयर. आणि दादा मला फोनवर म्हणायचा, असू दे गं, हट्टी आहे, माझ्यावर गेलीय. त्याला घाई नव्हती. आम्हा कुणालाच नव्हती.

मग तो रविवार आला, आणि ईशा बापाला जाळायला हुआ हिनला गेली. मी बरोबर होते. देवळात तीन संध्याकाळी भिक्षूंचे मंत्र झाले, शेकडो माणसं आली, आणि प्रत्येकाला पिमच्या बहिणीने जेवू घातलं. आमच्याकडे सुतकात चूल पेटत नाही, तिथे मयताच्या घरचे पाहुण्यांना वाढत असतात. ईशा तीनही दिवस भिंतीला टेकून उभी, हातात पाण्याची बाटली. पिम एकदाही तिच्याजवळ गेली नाही, फक्त लांबून बघायची. चौथ्या दिवशी, अस्थी घेऊन घरी आलो तेव्हा चटईवर भात होता, भोवती वाट्या. एका वाटीत आमटी होती. कोकमं नव्हती म्हणून चिंच घातलेली, गूळ ताडाचा, आणि तरी वास थेट वहिनीच्या स्वयंपाकघराचा. ईशाने तो वास घेतला. "हे कुणी शिकवलं?" असं तिने मला विचारलं, पिमला नाही. दादानेच शिकवलेलं, आणि दादाला वहिनीने. ईशा खाली बसली. रडत रडत, नाक पुसत, तिने दोन वेळा आमटी घेतली.

मागच्या रविवारी मी ट्रुगानिनाला तिच्याकडे गेले होते. दुपारी दीडला तिने टेबलावर ताट मांडलं, मिठाच्या बरणीला फोन टेकवून उभा केला आणि हुआ हिनला व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे पिम चटईवर, भाताची वाटी घेऊन. "दर संडेला करतो आम्ही," ईशा मला म्हणाली, जरा लाजून. "बोलत नाही फारसं. तिचं इंग्लिश माझ्या थाईइतकंच आहे. जस्ट जेवतो." खरंच नुसत्या जेवत होत्या, अधूनमधून वाटी कॅमेऱ्यासमोर धरून काय केलंय ते दाखवत. ईशाचं ताट संपत आलं, ती उठू लागली, तेव्हा पिमने चमचा खाली ठेवला, हात तिच्याकडे केला आणि स्वच्छ मराठीत, दादाच्या त्या चिपळुणी हेलात म्हणाली, "घे गो, भात घे अजून."

दादा वाढताना हेच म्हणायचा. पिमला मराठी येतं ते एवढंच.

ईशा ताट घेऊन ओट्याशी गेली. मग कुकर उघडून तिने भात वाढून घेतला, आणि परत येऊन बसली.