केळीच्या बुडाशी सोडलेले किडे

माझी धाकटी बहीण सात वर्षांची असताना तिच्या दाढेत किडा शिरला, असं आमच्या घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं. दाढेला काळं भोक पडलं होतं, आणि भोक आहे म्हणजे आत कोणीतरी राहत असणारच. त्याच वर्षी तिचा पुढचा दात पडला होता. तो शेणाच्या गोळीत घालून तिने कौलांवर फेकला होता आणि नवा मागून घेतला होता. दाढही अशीच पडेल म्हणून ती जिभेने ढकलून पाहायची. दाढ हलत नव्हती.

आम्ही निपाणीजवळचे, तंबाखू पिकवणारे जैन. आई विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायची. फडक्यात अडकलेले, डोळ्यांना न दिसणारे जीव मरू नयेत म्हणून ते फडकं गाळल्या पाण्यात उलटं खळबळून ते पाणी पोहऱ्याने हळूच परत विहिरीत सोडायची. याला जिवाणी म्हणतात. घरात कितीही घाई असो, तिने जिवाणी कधी चुकवली नाही. अशा बाईला लेकीच्या दाढेत जीव आहे म्हणून सांगितल्यावर ती काय करणार?

लवंग झाली, हिंग झाला, मिठाच्या चुळा झाल्या. बहीण गाल दाबून भिंतीला डोकं घासायची. "आक्का, काढ की गं त्येला भाईर," म्हणत माझ्यापुढे आ वासायची. मी वाकून बघायची, आणि मला काळ्या भोकाशिवाय काही दिसायचं नाही. गावात धुरी देऊन किडे पाडणारी एक बाई होती. तिला बोलवू या म्हणून अण्णा, म्हणजे आमचे वडील, आईच्या मागे लागले.

"धुरानं किडं मरत्याल की वो," आई म्हणाली.

"आन् पोरीत जीव न्हाय व्हय?"

अण्णा सहसा आवाज चढवत नसत. आई पदरात तोंड घालून रडली आणि कबूल झाली. अट एकच, पडलेले किडे विस्तवात टाकायचे नाहीत.

बाई आली. परातीत पाणी, पाण्यात लालभडक तापवलेलं खापर, त्यावर तेलात भिजवलेलं काटेरी रिंगणीचं बी. वर बुडाला भोक पाडलेलं मडकं पालथं घातलं, भोकात नळी बसवली आणि बहिणीला नळीवर तोंड उघडायला लावलं. आत बी तडतडत होतं. पोर खोकून खोकून निळी पडली, तरी बाईने तिची मान सोडली नाही. मडकं उचललं तर पाण्यावर बारीक, पांढरे, वाकडे किडे तरंगत होते! शेजारच्या बायकांनी तोंडात बोटं घातली. आईने परात दोन्ही हातांनी उचलली, परसातल्या केळीच्या बुडाशी ओलीत हलकेच ओतली आणि चिमण्यांनी टिपू नये म्हणून वर वाळकं पान झाकलं.

चार दिवसांत दुखणं थांबलं. बहीण त्याच बाजूने भाकरी चावू लागली. आईचा चेहरा इतका उजळला होता! लेक वाचली आणि किडेही वाचले. तो चेहरा आठवला की मला अजून संताप येतो. आईचा नाही, त्या आनंदाचा.

मग एका सकाळी जबड्याखाली सूज आली. दुपारपर्यंत गळा ताठ झाला, ताप चढला, तोंड उघडेना, थुंकीही गिळवेना. अण्णा आम्हाला घेऊन बेळगावच्या मोटारीत चढले. लढाईचे दिवस, पेट्रोल नाही, मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. तवंदीच्या घाटात ती दमून उभी राहिली. माणसं उतरून ढकलू लागली. बहिणीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिचा श्वास घरघरत होता. आई घाटातल्या बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या दिशेने हात जोडून बसली होती आणि मला वाटत होतं, हात कसले जोडतेस, उतर आणि ढकल.

बेळगावच्या डॉक्टरांनी गळा चाचपला. पू खोल उतरला होता.

"दुखायचं थांबलं तेव्हा का नाही आणलंत? शीर मेली की दाढ दुखत नाही, आत सडत जाते."

"थांबलं म्हनूनच न्हाय आनलं वो," अण्णा म्हणाले. त्यांचा तो आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही.

डॉक्टरांनी चीर दिली, पू काढला. उशीर झाला होता. ती गेली तेव्हा तिच्या पुढच्या हिरडीतून नव्या दाताची पांढरी कड वर आली होती.

आई घरी आल्यावर रडली नाही. स्वयंपाक करायची, पाणी गाळायची, जिवाणी सोडायची. पुढे कधीतरी केळीच्या बुडाशी रोपं उगवली. पानं मोठी झाली, तसे त्यांच्या मधल्या शिरेवर काटे दिसू लागले. रिंगणी. खापरावरून घसरून पाण्यात पडलेलं, न जळलेलं बी रुजलं होतं. आणि जे तडतडून फुटलं होतं, त्याच्या आतले कोंब आम्ही किडे म्हणून पाहिले होते.

आई कितीतरी वेळ वाकून बघत राहिली. मग काट्यांसकट मुठी भरभरून तिने सगळी रोपं उपटली. तळहात रक्ताने भरले, तरी मला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी विहिरीवर गेली. पाणी गाळलं, फडकं उलटं केलं आणि तशीच थांबली. ओलं फडकं माझ्यासमोर धरून तिने विचारलं,

"ह्यात तरी असत्यात का गं कुनी?"

मग तिनेच ते गाळल्या पाण्यात खळबळलं. आईने पोहरा हळूच विहिरीत सोडला.